मूळ प्रेत बोलतंय

"हॅलो?… कोण?… बेबी, तू? अगं, कुजबुजतेस कशाला, जरा मोठ्याने बोल… शूटिंग चालू आहे? मग ठेव फोन. मला त्या शूटिंगशी काही कर्तव्य नाही."

असं म्हणून दादांनी फोन ठेवला नाही. उलट मान वाकडी करून तो खांद्यात पक्का दाबला, कारण दोन्ही हातांत एका चष्म्याची काडी होती आणि तिचा तिळाएवढा स्क्रू नुकताच बेपत्ता झाला होता. समोरच्या स्टुलावर चष्म्याच्या मालकीणबाई बसल्या होत्या, निवृत्त ग्रंथपाल. चष्मा नसला की त्यांना दादा कुठले आणि कोट अडकवायचा स्टँड कुठला हे कळत नसे. पण कान ठणठणीत होते, आणि ते त्यांनी कामाला लावले होते.

दादांचं दुकान चष्म्यांचं. धाकटी बहीण बेबी, वय बावन्न, सिनेमावाल्यांकडे मेकअप करायची. आणि दादा स्वतः सव्वीस वर्षांपूर्वी एका सिनेमात मेले होते. भूमिका घरमालकाच्या प्रेताची, केसांना पांढरी पावडर लावून. दिवाणखान्यात घरमालक आडवा पडलाय, नातेवाईक त्याच्या खिशात किल्ल्या शोधतायत, भांडतायत, हिरॉइन त्याच्या छातीवर कोसळून रडतेय, आणि सलग चार मिनिटं घरमालकाची पापणीसुद्धा हलत नाही. दादांची ही पहिली आणि शेवटची भूमिका. त्या जोरावर त्यांनी वाचनालयात 'निश्चलता: एक साधना' या विषयावर दोनदा भाषण केलं होतं. त्या प्रसंगाचा भलामोठा फोटो दुकानात गल्ल्याच्या वर लावलेला होता. नवीन गिऱ्हाईक फोटोकडे बघे, मग दादांकडे बघे आणि आवाज खाली आणून विचारे, "कधी झालं हे?" दादा अभिमानाने सांगत, "सव्वीस वर्षं झाली."

आता तोच सिनेमा नव्याने निघत होता, आणि प्रेताची भूमिका मिळाली होती त्यांच्याच धाकट्या भावाला. नाव बारक्या, वजन ब्याण्णव किलो. दादा त्याच्याशी सहा आठवडे बोलले नव्हते.

"हो, हो… अगं ऐक ना. मी आधीच म्हणालो होतो. मूळ ते मूळ. हिरॉइन बदला, घर बदला, कुत्रा बदला. जिवंत माणसांचं मी समजू शकतो. पण प्रेत कशाला बदलायचं? प्रेतात सुधारणा काय करणार?… काय?… किती?… सतरा?"

दादांनी काडी खाली ठेवली.

"सतरा टेक झाले आणि एकही ओके नाही?… हसतो? मेल्यावर?… बरं, नऊ वेळा हसला. उरलेले आठ?… शिंकला. कशामुळे?… हिरॉइनचे केस नाकात जातात. जाणारच. आमच्या वेळच्या बाई अंबाडा घालून रडायच्या, नाकाला कसला त्रास नाही. ही कोण, ती साबणाच्या जाहिरातीतली ना?… रडते कशी?… ग्लिसरीन घालून. झालं. रडणारी खोटी, मेलेला खोटा. आणि म्हणे जुन्याची सर येणार."

मग त्यांनी बेबीला जुन्या सिनेमाची थोरवी ऐकवली. तिला ती पाठ होती, म्हणून तिने मधे कुणाच्या तरी गालाला पावडरही लावून घेतली असावी. शेवटी गाडी नेहमीच्या मुक्कामावर आली. आता दादांचं वय बरोबर घरमालकाचं होतं, पावडरचाही खर्च नव्हता. मग त्यांना साधं विचारलंसुद्धा का नाही?

"…आले होते? कोण, दिग्दर्शक?… इथे, दुकानात? कधी?… अगं, मी आत मशीनवर काच घासत असणार, त्या घरघरीत कुणाची हाक ऐकू येते?… मग?… फोटो बघितला… पुढे?"

दादांनी स्वतःचा चष्मा काढला.

"फोटोसमोर दोन मिनिटं शांत उभे राहिले?… आणि गेले?… बेबी, तू तिथे नोकरी करतेस ना? मी जिवंत आहे हे तू सांगितलं नाहीस?… विषय निघाला नाही. बरं… नाही, रागावलो नाही. माझ्या हयातीचा विषय निघाला नाही, यात रागावण्यासारखं काय आहे?"

ग्रंथपालबाईंनी कोटाच्या स्टँडकडे बघून सहानुभूतीने मान हलवली.

पण बेबीने फोन काही यासाठी केला नव्हता. दादांच्या तुटक हुंकारांवरून एकेक गोष्ट बाहेर आली. बारक्याचं नाव बेबीनेच सुचवलं होतं, 'चेहरा अगदी दादाचा' असं सांगून. आता दिग्दर्शकाची सहनशक्ती संपली होती. अजून एक टेक. तोही फुकट गेला तर प्रेत बदलणार.

"बदलू दे. कोण येणार आता?… कसला?… रबराचा?"

दादा उभे राहिले. मांडीवर पडलेला स्क्रू टपकन जमिनीवर गेला, पण आता स्क्रूची वेळ नव्हती.

"माझी भूमिका रबर करणार?… तो पुतळा आलासुद्धा? कुठे आहे?… खुर्चीत बसवलाय? आणि बारक्या?… जमिनीवर. चहा पाजला का त्याला?… आधी पुतळ्याच्या खुर्चीपुढे ठेवला? चुकून?… हे बघ, बारक्याला दे फोन… अगं हो, बोलत नाही मी त्याच्याशी. बोलणार नाहीच, शिकवणार आहे. तो फोन त्याच्या कानाशी चादरीत सरकव. आणि त्याला सांग, हुं की चूं करायचं नाही, नुसतं ऐकायचं."

चादरीची खसखस ऐकू आली. दादांनी घसा साफ केला आणि वाचनालयातला आवाज लावला.

"बारक्या, डोळे मिट. श्वास पोटात घे. पोटातून तो पाठीत ने. पाठीतून मांडीत, मांडीतून टाचेत. टाच जड झाली, असं म्हण. आता दुसरी टाच. ती पण जड झाली. आता घोटा…"

असं सांगत ते गुडघ्यापर्यंत पोचले. सव्वीस वर्षं हेच सांगत आल्यामुळे त्यांना ते न थांबता सांगता येत असे. पण डाव्या गुडघ्याशी त्यांचा आवाज अडखळला. ही विद्या बारक्याला पहिल्यापासून माहीत होती. जेवताना, अंघोळीच्या रांगेत, लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा त्याने ती ऐकली होती. तरी सतरा टेक गेलेच होते. आणि समोर खुर्चीत रबर बसलं होतं.

दादा गिऱ्हाइकाकडे पाठ करून भिंतीशी गेले आणि आवाज उतरवला. ग्रंथपालबाईंनी स्टूल उचलून दोन पावलं पुढे आणलं.

"बारक्या… हे टाचेबिचेचं सोड. त्यात काही तथ्य नाही. मी काय सांगतोय ते बेबीला कळता कामा नये. मी त्या दिवशी अभिनय केलाच नाही रे. झोपलो होतो मी. शाळेची तीनशे चष्म्यांची ऑर्डर होती, दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. त्यांनी आडवं केलं, वर गरम दिवा, खाली गादी. 'अ‍ॅक्शन' म्हणाले एवढं आठवतं. त्यानंतर एकदम टाळ्याच. बाई रडत रडत म्हणाल्या, असा कलाकार पाहिला नाही. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण टाळ्या चालू होत्या. टाळ्या थांबल्यावर सांगू म्हटलं. मग राहूनच गेलं… त्यात मधे एक शीळ ऐकू येते ना, जिला पेपरात 'देह सोडून जाणारा प्राण' म्हटलं होतं? ती माझ्या नाकातून येत होती. तेव्हा तू सरळ झोप. साधना वगैरे काही नाही. तू लहानपणापासून कुठेही झोपतोस, त्यावरून मीच तुला बोलत आलो. ते चुकलंच माझं… ऐकतोयस ना?… बारक्या?… अरे, आता हुं म्हटलंस तरी चालेल."

पलीकडून हुं आलं नाही. दादा भिंतीकडे बघत उभे राहिले. फोटोत ते निवांत पडलेले होते.

"हॅलो?… बेबी? फोन तुझ्याकडे कसा?… कधी काढून घेतलास?… खिशात? एप्रनच्या?… म्हणजे इतका वेळ मी खिशाशी बोलत होतो?… तू काही ऐकलंस?… नक्की?… नाही, तसं महत्त्वाचं काही नव्हतं. पण का काढून घेतलास?… झोपला? कुठपर्यंत ऐकून झोपला?… दुसऱ्या टाचेपर्यंत."

दादा परत खुर्चीत येऊन बसले.

"आणि शॉट?… घेतला? तसाच?… एका टेकमध्ये?… पूर्ण चार मिनिटं? केस नाकात गेले तरी?… काय म्हणाले दिग्दर्शक?… 'जिवंत अभिनय'? अगं, प्रेताला हे कौतुक आहे की तक्रार?… बरं, कौतुक… पुतळा नेला ना परत?… छान."

बेबीने पुढे काहीतरी विचारलं आणि दादांनी मघाशी काढलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ग्रंथपालबाईंनी श्वास रोखून धरला होता. पोटात की टाचेत, ते कळायला मार्ग नव्हता.

"…त्यांना कळलं का मी हयात आहे ते?… मूळ कलाकाराचं मत हवंय. आत्ता?… अगं, लांबून मी काय सांगणार… थांब. सांग त्यांना… लिहून घे हवं तर… तोडीस तोड म्हणावं. किंचितही फरक नाही. एकदम हुबेहूब… अगं, न बघता सांगतोय, पण खात्रीने सांगतोय… हो, मीच म्हणालो होतो मूळ ते मूळ. आता हे म्हणतोय."

पलीकडून कसलासा मोठा गलका ऐकू आला असावा, कारण दादांनी फोन कानापासून लांब धरला आणि लगेच घाईने पुन्हा जवळ घेतला.

"टाळ्या वाजतायत का?… मग हलवू नकोस त्याला, आपोआप जागा होईल… कसं म्हणजे? होतो माणूस. आणि हे बघ, बेबी, पळत जा त्याच्याकडे. डोळे उघडले की सगळे विचारतील, कसं केलंत म्हणून. त्याच्या कानात सांग, दादाने सांगितलंय, पहिली पाच मिनिटं काहीही बोलायचं नाही. मान खाली घालून नुसतं हसायचं… हो, पाच पुरतात… पुढचं? पुढचं संध्याकाळी घरी आला की सांगतो त्याला, एकट्याला. चल, ठेव. पळ."