विव्हळती चौकी

नाही नाही, संकोच कसला त्यात, या ना आत — बसमधून उतरलेल्या निम्म्या बायका माझंच दार वाजवतात, दिवसभर हिंडवतात तुम्हाला आणि सोय म्हणून कुठे करत नाहीत. सरळ जा, डाव्या हाताला. कडी जरा वर उचलून लावा, नाहीतर लागत नाही. आणि आवाज आला काही तर घाबरू नका, आमचे हे आहेत, पलीकडच्या खोलीत निजून असतात.

झालं? हात ह्या नळावर धुवा, तो दुसरा नुसता शोभेला आहे. आता बसा घटकाभर, बाहेर काही चुकत नाही तुमचं — तुमचा तो काळ्या झग्यातला गाइड अजून भुताच्या गोष्टीत चौकीदाराच्या बायकोपर्यंतसुद्धा आलेला नाही, मग तिची शपथ, मग वादळ, बराच वेळ दळण दळतो तो. मला पाठ झालंय सगळं. सकाळी फाशीचा माळ दाखवला ना? कुणाला फाशीबिशी दिली नाही हो तिथे, दोर वळणारे लोक राहायचे, ते दोर वाळत टाकायचे. मुंडक्याच्या पुलावर मुंडकं नाही, एक गोल धोंडा आहे. मुक्या बाईच्या विहिरीचं मला ठाऊक नाही — असेल बाई, बायकांनी गप्प बसायला काय कमी कारणं असतात? आणि शेवटी आमची ही विव्हळती चौकी. पूर्वी रस्त्याचा कर घ्यायचे इथे. विव्हळायची मात्र खरंच, ते खोटं नाही. मागच्या भिंतीत दगड सुटले होते, वारा शिरला की असा आवाज यायचा — लग्न होऊन आले आणि पहिल्या रात्री मी रडायलाच लागले. हे गवंडी. सकाळी उठले, चहासुद्धा घेतला नाही, चुना कालवला आणि भोक न् भोक बुजवून टाकलं. म्हणाले, झोप आता, तुझ्या भुताला गाडलं. थट्टेखोर माणूस! दाराआड लपून मला दचकवायचे, केस पिकले तरी सवय गेली नाही. मी किंचाळले की पोट धरून हसणार. मला असा राग यायचा — यायचा, काय सांगू.

मग तो झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे उघडे असतात, पण बघतायत कुणाकडे, पत्ता नाही. मी बोलते, नळ गळतोय सांगते, शेजारणीची भांडणं सांगते — भिंतीशी बोलल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, फार आशा ठेवू नका. सकाळी एक नर्सबाई येते, अंग पुसून जाते, तीही तेच म्हणते. बरं, आशा ठेवू नका म्हणजे काय करायचं माणसानं? ती काय दुधासारखी आहे, नको असली तर उद्यापासून बंद करा म्हणायला?

आणि त्यात ही तुमची भुताच्या जागा दाखवणारी बस सुरू झाली. पहिल्यांदा आली तेव्हा मी आत भांडी घासत होते. बाहेर हा गाइड खिडकीखाली येऊन ओरडला — आत कोण आहे? — त्याचं आपलं नाटक. आणि आतून ह्यांनी आवाज काढला. असा लांबलचक, पोटातून. बाहेर जी किंकाळी उठली म्हणता! मग हसणं, टाळ्या, फोटो. मी बादली घेऊन धावले बाहेर, फरशी पुसलेलं पाणी ओतलं असतं एकेकाच्या डोक्यावर. म्हटलं, लाज वाटत नाही? आजारी माणूस आहे आत! पण दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी ठरवलं, ह्यांच्या उशाशी बसायचं, कान झाकायचे ह्यांचे. बसले. आणि तेव्हा बघितलं मी.

हे वाट बघत होते हो. बसचा आवाज आला तसा श्वास बदलला. तो बाहेर गोष्ट सांगतोय आणि हे दम धरून, अगदी दाराआड उभे राहायचे ना, तसे. तो म्हणाला, आत कोण आहे — तरी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं — तरी गप्प. सगळे बेसावध झाले आणि मग सोडला आवाज! बाहेर किंचाळले सगळे. आणि इथे, ओठाचा डावा कोपरा असा वर गेला. हसले. मी सांगते ना, हसले. एवढा संसार केला, मला हसणं कळत नाही त्यांचं?

डॉक्टर म्हणतात स्नायू ओढला जातो. नर्सबाई सकाळची, बस दुपारची, तिला काय दिसणार. मीच एकदा बाहेर जाऊन ओरडून पाहिलं — आत कोण आहे? — शेजारीण गच्चीवरून बघतच राहिली, वेड लागलं म्हणाली असेल. आत ढिम्म. मोबाइलवर गाइडचा आवाज घेतला, ऐकवला, तर डोळे मिटून घेतले. माझ्यावर काय, खेळ फुकट घालवायचा नाही त्यांना. माणसं लागतात, घाबरणारी.

आता हसू नका, पुढचं ऐका. मुलगा लांब असतो नोकरीला. त्याला कुणीतरी व्हिडिओ पाठवला — ‘खऱ्या भुताचा आवाज’. ओळखली त्यानं खिडकी. माझ्याशी बोलला नाही, सरळ बसवाल्यांच्या मोठ्या साहेबांकडे तक्रार केली. परवा फोन — आई, बंद करवलं मी सगळं, बाबांचा तमाशा करतात म्हणजे काय! रडत होता. तुझ्या बापाला भूत म्हणून हसतात आणि मला ते हवंय, असं सांगू पोटच्या पोराला? म्हटलं, बरं केलंस. ‘बरं केलंस’ म्हटलं मी! फोन ठेवला आणि तिथेच बसले स्टुलावर.

ही शेवटची बस, बाई. उद्यापासून वरच्या रस्त्यानं जाणार. गाइडच्या हातापाया पडायची राहिले होते मघाशी, तर तोच माझी माफी मागायला लागला. म्हणाला, मावशी, आम्हाला कळायला हवं होतं. अरे, कळू नको बाबा, बस आण! तर म्हणे, तक्रार तुमच्या मुलानं केलीय, त्यानंच मागे घेतली तर. आणि मुलगा माझं एकटीचं ऐकून मागे घेईल? म्हणेल, आईचं डोकं फिरलं, दोघांनाही न्यावं आता कुठेतरी. पण दुसऱ्या कुणी सांगितलं — परक्या, शिकलेल्या माणसानं, की मी बघितलं, हसतात ते...

उठा. उठा ना, गोष्ट वादळापर्यंत आलीय. या इकडे. अशा उभ्या राहा, पलंगाच्या ह्या बाजूला, खिडकीतून दिसू नका. रबराच्या चादरीचा वास येतो थोडा, सवय होते. फक्त तोंडाकडे बघा. माझ्याकडे नको, तोंडाकडे. डावा कोपरा.

श्वास बघा. धरलाय ना?

ओरडला तो. थांबा. दुसऱ्यांदा. थांबा, थांबा हो, आत्ता —

बघितलंत? बघितलंत ना? कशी किंचाळली सगळी! तो कोपरा — आत्ता होता, आत्ता गेला — तुम्हाला दिसला? बोला ना. नाही, माझा हात नका धरू, बोला. हो? हो म्हणता? मग डोळ्यांत पाणी का तुमच्या? हसणारा माणूस बघून रडतं का कुणी? आणि बघत कुठे होतात तुम्ही, ओरडा झाला तेव्हा... माझ्याकडे बघत होतात. मला दिसलं. तुम्ही सबंध वेळ माझ्याकडे बघत होतात.

नको. मुलाचा नंबर नाही देत लिहून. लावाल फोन त्याला, हो म्हणाल, आणि तो विचारेल, नक्की बघितलंत? काय सांगाल?

हॉर्न वाजवतोय. तुमच्यासाठीच वाजवतोय. जा ना आता, जा, मला ह्यांची कूस बदलायचीय.