कंपन्या एक झाल्या तर

शिरूरच्या बायपासला सकाळी कामगारांना न्यायला कंपन्यांच्या बस येतात. माझ्या पुढं निळ्या शर्टातला एक मुलगा आणि राखाडी शर्टातली एक मुलगी उभी होती. दोघं दोन वेगवेगळ्या मोटार कंपन्यांतले.

"सोनम, बातमी खरी हाय. तुमची आन् आमची कंपनी एक होणार."

"नको रं बाबा!"

"का गं? आता बॅटरीच्या गाड्या आल्यात. एकएकट्या राहिल्या तर दोन्ही बुडतील."

"आन् माणसं? तू बी दारं तपासतो, मी बी दारं तपासते. दोघांत एकच ठेवतील."

"मग तुलाच ठेवतील. नुसत्या आवाजावरनं सांगतीस, दार नीट बसलंय का न्हाई."

"आन् तू काय करशील?"

"तुझा डबा करीन. सोमवारी मेथी, मंगळवारी पिठलं…"

"बुधवारी अंडा करी."

"बरं, अंडा करी."

"आन् हा डबा कुठल्या घरातनं येणार, रविराज?"

"रविवारी आईला घिऊन तुमच्या घरी येऊ का? पण तुझे आबा काय म्हणतील?"

"आबा कवाधरनं म्हणत्यात, त्या निळ्या शर्टाला चहाला बोलव."

"आयला! आबांना म्हाईत हाय?"

"सगळ्या भावकीला म्हाईत हाय. चल, बस आली."

"अगं सोनम, चढतीस कुठं? ही आमची बस हाय!"

"ओ राखाडी शर्टवाल्या ताई, उतरा खाली. तुम्ही आमच्या कंपनीच्या न्हाई."

"व्हईन की, ड्रायव्हरमामा! सरक रं रविराज, खिडकी मला."