टावर आमच्याच रानात हुता

माझं माहेर मिरजगावकडचं, सासर हे पाथर्डीच्या डोंगराकडंला, वस्तीवर. काय सांगू तुमाला, पावसाळा सरला की हितली जवान मानसं कोयता घेऊन कारखान्याकडं. आमीबी नवराबायकूनं गुडघे चालत हुते तवर ऊस तोडला, मग ल्योक संतोष आन सून जाया लागली, आमी दोघं म्हातारी नातवांना धरून मागं.

पोरानं फोन घेऊन दिल्ता, पर लागतो कुठं? बोलायचं म्हनलं की टेकडी चढायची. मग सरकारची मानसं आली, म्हनली टावर करायचाय, जागा पायजेल. कोनी दिना. आमचा म्हातारा लगीच व्हय म्हनला, टेकडी चढवंना आता म्हनला, आन घरामागचं मुरमाड रान फुकट दिलं. टावर हुबा ऱ्हायला, नारळ फुटला, ज्याचं रान त्याला मागं सारून फोटू काढले, आन गेले ते गेले. चालू का न्हाई म्हनलं तर लाईट जोडायची ऱ्हायलीय, मग म्हनं मशीन यायचंय. म्हातारा सारखा पंचायतीत जायाचा, ते म्हनायचे वर कळवलंय. वर म्हंजी कुठं वर, द्येवाकडं?

आन एक दिस सकाळी धार काढता काढता म्हातारा गोठ्यात कलंडला. मी पानी आनस्तवर गेला. शेजारचा किसन टेकडीवर पळाला, संतोष सांगलीकडं उसाच्या फडात, त्याला कळवलं. त्यो म्हनला निघालोच, मी आल्याबिगर आबाला उचलू नका.

वाट बघितली. दुपार टळली. किसन पुन्यांदा टेकडीवर गेला तर संतोषचाच फोन लागंना, घाटाबिटात आसंल. म्हाताऱ्याचा फोन माझ्या मुठीत, मी निसती त्याच्याकडं बघतीय. दिस कलला तशी जानती मानसं म्हनली, आक्का, किती येळ ठिवायचं, उनाचं दिस हायेत. मी म्हनलं, न्या बाबांनो.

संतोष आला तवा सरणाचा जाळ बसला हुता. आये, पाथर्डीत उतरल्यापून फोन लावतोय म्हनला, थांबा एवढंच सांगायचं हुतं, एकदाबी लागला न्हाई. मग घरामागं गेला, दगूड उचलला आन टावरवर हानला, एक न्हाई, लई हानले. कोनी धरलं न्हाई त्याला.

औंदा पावसाळ्याच्या तोंडाला गाडी आली, मशीन बसलं, टावर चालू झाला. एवढंच काम हुतं बघा, अर्ध्या दिसाचं. पुन्यांदा नारळ फोडायला बोलावलं, मी न्हाई गेले.

आता संतोष फडावरनं रोज फोन करतो. जेवलीस का इचारतो, म्हशीचं इचारतो. आबाचं नाव त्यो काढत न्हाई, मीबी काढत न्हाई. सुखात ऱ्हा लेकरा म्हनते, आन त्यो काय बोलायच्या आत फोन ठिवून देते.