डावा पंख मोठाच असतो

...नाही, नाही, आधी मला हे सांगा, चुकलं कुणाचं? माझं? पुन्हा माझंच?

अहो, तुम्हाला सांगतो, सबंध मेहरूणमधला एक माणूस बाकी नाही, ज्यानं आमच्या घरी येऊन ते विमान डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून, नवरी बघायला आल्यासारखं उलटंपालटं करून म्हटलं नाही, "नाना, एक पंख जरा मोठा झाला बरं का!" झाला? झाला नाही हो, आहे! इटलीचं लढाऊ विमान आहे ते, मॅकी म्हणतात त्याला, मोठ्या लढाईतलं! त्याचा पुढचा पंखा एका अंगाला गरगरतो, त्या हिसक्यानं विमान डावीकडे कलंडायला बघतं, म्हणून तिथल्या मिस्त्रीनं डावा पंख चांगला वीतभर लांब ठेवला. माझ्या इवल्याशा विमानात ती वीत म्हणजे तांदळाचा एक दाणा! पण डावा पंख मोठाच असतो!

आता तुम्ही म्हणाल, नाना, सातवीत दोनदा बसलेला तू, उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली, तुला इटली कुठून सापडली? पोरानं धाडली! आमच्या प्रेमराजनं पुण्याहून खोका पाठवला, कशासाठी, तर म्हातारा एका जागी बसेल आणि गल्लीला जरा शांतता मिळेल. उघडतो तर प्लॅस्टिकचे तुकडेच तुकडे! म्हटलं, पोरानं फुटकं पाठवलं. मग कळलं, जोडायचं असतं. जोडलं. आणि रंग? अहो, रंगच तर खरी मजा! वाळूच्या रंगावर हिरवी कडी, धुराची सोडल्यासारखी, एकासारखं दुसरं नाही, आणि हात जरा हलला की कड्याचं वांगं! श्वास रोखून काढली एकेक. तर फैजपूरचे आमचे साडू, केळीवाले, बघून काय म्हणतात? "नाना, करपा पडलाय पानावर. फवारणी करून घ्या." घ्या!

मान्य, मी सगळ्यांची थट्टा करतो. मेहरूणच्या तळ्यात मगर आली असं मीच उठवलं होतं, आणि निम्मं जळगाव शेंगा खात काठावर बसलं होतं, त्यात कुणाचं काय गेलं? प्रेमचंदशेठच्या किराणा दुकानावर 'येथे चहा मोफत मिळेल' ही पाटीही माझीच, अक्षर बघितलं असतंत तर शेठजींनीसुद्धा चहा मागितला असता! पण म्हणून काय माणसानं कधीच खरं बोलू नये? मी पंखाचं सांगितलं तर शेठजी पोट धरून हसले. "नाना, तराजूचं एक पारडं मोठं ठेवलं तर गिऱ्हाईक मारतं, आणि तुमचं विमान म्हणे उडतं!" घरात बायको, आमची भिकुबाई, तिचंही तेच. "अहो, चुकलंय तर चुकलं म्हणा, उगीच इटलीवर कशाला ढकलता?"

म्हणून तर धुळ्याच्या छंद-प्रदर्शनात नाव दिलं! बक्षीस गेलं खड्ड्यात. तिथे पुण्याचे परीक्षक येणार, विमानांतले जाणते. एका तरी शहाण्या माणसानं चारचौघांत म्हणावं, की नाना खरं बोलतो, डावा पंख मोठाच असतो! बस, एवढंच. मरायच्या आधी एकदा.

आणि आदल्या दिवशी शिंदखेड्याहून कोण यावं? चुडामण आबा! माझे व्याही. आमच्या सूनबाईचे, पुनमचे वडील. जातिवंत सुतार, पिशवीत कपडे नसतील पण कानस असणार! मी दाढी करायला गेलो, येतो तर आबा ओसरीत पाय पसरून, मांडीवर माझं विमान, धोतरावर हिरवा भुगा!

"नाना, तुमनं इमान एक बाजूले लांबं व्हतं. मी सरकं करी दिधं! आते कसं बठ्ठं बराबर शे!"

सरकं म्हणजे सारखं, दोन्ही पंख एका मापाचे! दुसरा कुणी असता तर त्याच कानशीनं त्याला सरका केला असता! पण व्याही! व्याह्याला बोलता येतं का हो? स्वयंपाकघराच्या दारातून पुनम बघतेय, भिकुबाई डोळे वटारतेय... मी काय बोललो? "वा आबा! हात आहे तुमचा!" वर चहात साखर जास्त घालायला सांगितली. आणि मोरीत जाऊन, नळ सोडून, भिंतीला सांगितलं, डावा पंख मोठाच असतो!

गेलो धुळ्याला. आबा सोबत, का तर विमान नीट धरायला! परीक्षक आले. चष्मा वर केला, वाकले, कडी बघून म्हणाले, "अप्रतिम! हा हात कुणाचा?" माझी छाती ही एवढी! मग मोजपट्टी काढली. आणि म्हणाले... अहो, काय म्हणाले असतील?

"पण आजोबा, या विमानाचा डावा पंख मोठा असतो. तुम्ही दोन्ही सारखे केलेत."

जगात एक माणूस भेटला हो! एक! आणि तो मलाच सांगतोय!

मी म्हटलं, "साहेब, मोठाच होता, काल माझ्या व्याह्यांनी घासला!" तर मागून प्रेमचंदशेठ, गाडीत जागा होती म्हणून आलेले, खो खो हसत, "साहेब, यांचं मनावर घेऊ नका, हे मगरसुद्धा आणतात!" आणि आबा, प्रामाणिक माणूस, छाती काढून पुढे! "साहेब, तो पंख मीच घासा. मनी कानस शे ना पिशवीमा!" झालं! परीक्षक टाळी देऊन म्हणाले, "जोडी चांगली जमलीय तुमची!" आणि पुढच्या टेबलावर गेले.

येताना गाडीत आबा कानस काढायचे, पुन्हा पिशवीत ठेवायचे. पारोळा आलं तरी तेच. त्यांना कळलं होतं बहुतेक. मलाच वाईट वाटलं, म्हटलं, जाऊ द्या आबा. पण माणूस मनाला लावून घेणारा. सकाळी मी देवाला फुलं आणायला गेलो, परत येतो तर विमान टेबलावर, आणि आबा हात जोडून उभे.

"जे तोडं ते जोडी दिधं, नाना. आते राग सोडा."

बघतो तर काय! पंखाच्या टोकाला सागवानाची सुबक पट्टी, सांधा नखाला लागत नाही असा, वर आमच्या खिडकीचा उरलेला हिरवा रंग. तांदळाचा दाणा कमी पडेल म्हणून चांगली बोटाच्या पेराएवढी! फक्त आबा बसले होते विमानाच्या तोंडासमोर. त्यांच्या डाव्या हाताला जो पंख आला, तो त्यांनी लांब केला. म्हणजे उजवा!

आणि वर भरल्या डोळ्यांनी विचारतात, "आते बराबर ना?"

काय सांगू? व्याही हो! म्हटलं, "बराबर, आबा. एकदम बराबर."

तेव्हापासून ते विमान मी आरशासमोर ठेवलंय. कुणी आलं की खांदा धरून सांगतो, विमानाकडे बघू नका, आरशात बघा... डावा पंख मोठाच असतो!