मोंबासाची जोडी

लवू : सोडलेस म्हणजे? कुठे सोडलेस?

मालन : सांगितलं ना, ह्याच विहिरीत. हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि सोडले. पुण्याचं काम केलं, तर तुम्ही असे बघताय जसं काही पोरगंच ढकललंय.

(कांजूरमार्ग, १९८६. श्रावणी सोमवारची संध्याकाळ. चाळीमागची विहीर काठोकाठ भरलेली. लवू बोटीवर खलाशी, मालन त्याची बायको. घरातली बेडकांची काचेची टाकी रिकामी दिसली तसा तो अनवाणीच धावत आला होता. मागून आली त्याची चुलतबहीण पद्मजा, घाटकोपरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. तिच्या हातात झाकणाची बरणी होती आणि लवूला त्या बरणीकडे बघायचं नव्हतं.)

पद्मजा : वहिनी, दोन्ही सोडलेत?

मालन : दोन्ही. नवराबायकोची ताटातूट करून मला कुठलं पाप घ्यायचंय?

पद्मजा : दादा, तू सांगितलं नव्हतंस हिला?

लवू : कसं सांगणार यार?

मालन : सांगायला कशाला हवं? दहा बाय दहाची खोली, ऐकू येतं सगळं. काल वन्सं म्हणाल्या, हे बेडूक कधी बाहेर सुटले तर घात होईल, उद्या बरणी आणते, औषधाचा बोळा टाकते, झोपेतच जातील. श्रावणी सोमवारी? माझ्या घरात? आम्ही महिनाभर सुकटाचा वास घेत नाही. गावाला मामंजींनी विहिरीत कासव सोडलेलं, पाणी अजून नितळ आहे. बेडकानं काय वाईट होणार?

पद्मजा : कासव गावचंच होतं, वहिनी. हे आफ्रिकेतले, मोंबासाचे आहेत.

मालन : तुमचे दादा पण मोंबासाहूनच येतात. त्यांना घेतेच ना मी घरात?

लवू : पद्मे, खरं सांग. एवढ्या विहिरीत दोन बेडूक. काय आभाळ कोसळतंय?

पद्मजा : दोन राहिले तर काहीच नाही. मादी अंडी घालते ती शेकड्यांनी. दोन दिवस पाऊस लागला की ही विहीर वाहणार, नाल्यात जाणार, नाला पलीकडच्या तळ्यात. आपल्या बेडकांची पिल्लं, माशांची पिल्लं, सगळं ह्यांच्या पोटात. अमेरिकेत काही ठिकाणी हा बेडूक घरात ठेवायलाच बंदी आहे. लोकांनी हौसेनं पाळले, हौस फिटल्यावर तळ्यात सोडले. आता काढता येत नाहीत. तिथल्या कुणी हळदकुंकू वाहिलं नसेल, एवढाच फरक.

लवू : आणि आपल्या बेडकांच्या तंगड्या? बर्फात घालून बोटी भरून परदेशी जातात, मी बघितल्यात. ते चालतं. मी दोन अख्खे आणले तर गुन्हा.

पद्मजा : तेही चालू नये. बंद करा म्हणून लोक सरकारच्या मागे लागलेत.

मालन : आणि वर्गात पोरांसमोर बेडूक फाडता, ते?

पद्मजा : फाडते.

मालन : हां. मग आज अचानक बेडकांची आई झालात?

पद्मजा : पूर्वी शिपाई पोतं भरून आणायचा, आता निम्मं रिकामं येतं. फाडायलासुद्धा उरले नाहीत, वहिनी, म्हणून. बरं, खायला काय घालत होतात त्यांना?

मालन : श्रावण लागल्यापासून भिजवलेली चणाडाळ. मेले तोंड लावत नव्हते.

लवू : मी गावाला जाताना कलेजी घाल म्हणून सांगितलेलं, गो.

मालन : श्रावणात? त्याच सुरीनं मी नैवेद्याची भाजी चिरू?

पद्मजा : म्हणजे उपाशी सोडलेत. आता ते विहिरीत सोमवार धरणार नाहीत.

लवू : शेजारच्या धर्माला बोलवू? कोळ्याचं जाळं आहे त्याच्याकडे.

पद्मजा : तळाशी बसतात हे. गढूळ पाण्यात जाळं कुठे फिरवणार? दादा, तू मागे म्हणालेलास, बोलावल्यावर येतात.

लवू : आधी धर्माला विचारून तर बघू.

पद्मजा : म्हणालेलास ना?

लवू : पाण्यावर बोटं आपटली की येतात. हाताशी. केबिनमध्ये कंटाळून शिकवलं मी. भर समुद्रात तेवढंच कुणीतरी येणारं होतं.

मालन : म्हणजे ह्यांनी बोलवायचं, ते बिचारे विश्वासानं येणार, आणि मग तुम्ही...

पद्मजा : हो.

मालन : नका हो. वन्सं सांगतात म्हणून काय झालं? म्हणा, आले नाहीत. कोण बघायला येतंय?

लवू : गप रव, गो. जरा बाजूला हो, सावली पडते पाण्यावर.

पद्मजा : काही दिसतंय?

लवू : बोलू नकोस... आला. हा नर. ये रे. घे, पद्मे. झाकण लाव. मला दाखवू नकोस.

मालन : मी घरात जाते. माझ्यानं बघवत नाही.

पद्मजा : आणि मादी?

लवू : लाजरी आहे. तो पुढे, ती मागून. टाकीतही तसंच.

पद्मजा : येईल?

लवू : येईल. न येऊन जाईल कुठे? इथं तिच्या ओळखीचं कोण आहे?... आली बघ.

पद्मजा : सरक, मी धरते. तू घरात वहिनीकडे जा.

लवू : नको. परका हात लागला की बुडी मारते.

पद्मजा : हाताशी आलीय ना, दादा? मग बोटं का मिटत नाहीस?

लवू : पाणी गार आहे.