पाठचं भावंड

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. चष्मेवाल्या बाईंनी मासिक उघडून धरलं होतं, पण कान मागच्या बाकावरच्या बापलेकांकडे लागले होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"माझ्या रक्तात शिसं सापडलं, बाबा. बॅटरीच्या कारखान्यातलं. म्हणून तुमच्या सुनेला दिवस राहत नाहीत. दोष तिच्यात नाहीच."

"हळू बोल! म्हणे शिसं! उभा जन्म मी त्याच भट्टीवर शिसं वितळवलं. तू नाही झालास मला?"

"मी झालो तेव्हा तुम्ही सुतारकाम करत होता. कारखान्यात लागलात तेव्हा मी चालायला लागलो होतो. आईच सांगते."

"हं. लागला होतास खरा."

"ते म्हणाले, काम बदला, उपचार घ्या, फरक पडू शकतो."

"मग सोड ते काम. आजच सोड."

"सोडतोय. पण तुम्हाला एकदम एवढी घाई का?"

"तुझ्या पाठीवर दुसरं झालं नाही."

"माहितेय की."

"तुझी आजी म्हणायची, एकाच बाळंतपणात हिची कूस आटली. चारचौघांत म्हणायची."

"आणि आई?"

"खाली मान घालून कसले कसले कडूजहर काढे प्यायची. मीच आणून द्यायचो."

बाईंनी मासिकाचं पान उलटलंच नाही.

"चला, औषधं घेऊ."

"तू घे. मला तुझ्या आईला फोन लावून दे."

"काय सांगणार?"

"तू लाव आधी."

"घ्या, वाजतोय."

"हॅलो... अगं, मी बोलतोय. नाही, पोरगा बरा आहे. नाही गं, काही नाही... तू जेवलीस का?"