केळीच्या पानांखालची गाडी

दानम्मा : मी तर म्हणते, झाकूच नको. तापू दे की गाडी.

गुणाबाई : तू ते पान दे इकडं. मोठं दे, म्होरल्या काचेवर टाकायचंय.

दानम्मा : अक्का, ऐक जरा. जेवण झालं की तुझा दयानंद निघणार लातूरला, सासुरवाडीला मुक्कामाला. तुझ्याकडं निस्ता जेवणापुरता आलाय. गाडी अशीच उन्हात राहिली की तासाभरात भट्टी होती बघ. मंग लहान लेकराला घेऊन बसतंय कोण तिच्यात? ऊन उतरल्याबिगर हलायचे न्हाईत. संध्याकाळपतोर लेक, सून, नात, समदे घरात.

गुणाबाई : मला काय कळत न्हाई व्हय? सकाळधरून तेच डोक्यात हाय माझ्या.

दानम्मा : मंग झाकून कामून राहिलीस?

गुणाबाई : दोन उन्हाळ्यांमागं आले तवा गाडी दिवसभर हितंच उभी होती. निघताना पोरीला बसवलं, अन् त्या पट्ट्याचं लोखंड लागलं मांडीला. टरारून फोड आला. लातूर येईस्तोवर रडली म्हणं. तवापासून उन्हाळ्यात यायचं नाव न्हाई. मी फोनवर ये म्हणले की दयानंद म्हणतो, "शिल्पा नको म्हणते माय, गाडी फार तापते तिकडं."

दानम्मा : पुण्यात तापत न्हाई वाटतं.

गुणाबाई : तिकडं बिल्डिंगीच्या खाली उभी करतेत, सावलीत. आपल्या दारातला लिंब तर रस्ता रुंद करताना गेला. औंदा नांदेडात लग्न निघालं म्हणून तरी आले. आज पोरीला तरास झाला न्हाई, तर पुढं येतील. मला आजच्यापुरतं नको गं दानम्मा. पुढचं पायजे.

दानम्मा : तुझं तुलाच ठावं. पोतं भिजवून आणू का?

गुणाबाई : आण. टपावर पोतं, त्याच्यावर पानं. काचा बोटभर खाली सोड म्हणले होते, तेवढ्या सोडल्यात त्यानं.

दानम्मा : अन् ही देठं? आत्ताच बागेतून कापलीस, चीक गळून राहिलाय बघ. डाग पडंल.

गुणाबाई : चीक लुगड्याला धरतो. उभा जलम केळीत गेला माझा, लोखंडाला धरलेला न्हाई बगितला. इळ्याला लागतो, पुसला की जातो.

दानम्मा : इळा अन् गाडी एकच व्हय, अक्का?

गुणाबाई : तू पोतं आण.

(जेवणं उरकली. नात कूलरपुढं झोपली, शिल्पा तिच्याजवळ लवंडली, अन् दयानंद हात पुसत बाहेर आला. गुणाबाई पदरानं घाम टिपत गाडीपाशीच उभी होती. तिला वाटलं, आता पोरगा खूश होतो.)

दयानंद : माय, हे काय केलंस?

गुणाबाई : सावली केली, बाबा. दार उघडून हात तर घाल आत. हिरीतल्यावानी गार हाय.

दयानंद : आतलं राहू दे. हे बाहेर बघ. काचेवरून ओघळ आलेत, बॉनेटवर पण. चीक आहे ना हा? अगं, नवी गाडी आहे, पांढरी. एकदा विचारायचं तरी.

गुणाबाई : विचारलं असतं तर नको म्हणला असतास.

दयानंद : म्हणलोच असतो.

दानम्मा : चिडू नको रे लेकरा. जेवली बी न्हाई ती अजून. तुमची ताटं वाढली अन् आली हितं.

दयानंद : जेवली नाहीस? मग मघाशी आत काय सांगितलंस?

गुणाबाई : दानम्मा, तू जा बरं घरी, तुझं काम पडलंय. दयानंद, मी खोबरेल तेल आणते. ताजा हाय चीक, तेलानं निघंल. तू त्या अंगानं पूस, मी ह्या अंगानं पुसते.

दयानंद : आण. आणि ती पानं काढू नकोस सगळी, ऊन लागतंय. एकेक उचलून पुसू.

गुणाबाई : हे घे फडकं. मऊ हाय, तुझ्या बाबांच्या धोतराचं. जोरानं घासू नको.

दयानंद : निघतोय की. माय, माझा शाळेचा सदरा आठवतो? बागेतून पळत जायचो आणि पाठीवर सगळे काळे डाग.

गुणाबाई : अन् तुझ्या पाठीवर माझी बोटं.

दयानंद : बाबा हसत बसायचे.

गुणाबाई : त्यांना काय, धुवायचं थोडंच होतं.

दयानंद : माय, एक सांगू? शिल्पा काही नको म्हणत नाही गं. गाडीचं मीच सांगतो, तिच्या नावावर.

गुणाबाई : ठावं हाय मला.

दयानंद : कसं?

गुणाबाई : तिचा फोन येतो मला. आई, मी चला म्हणते, हेच टाळतेत, म्हणली. मुलखाची साधी पोर हाय.

दयानंद : मग इतके दिवस बोलली का नाहीस मला?

गुणाबाई : काय बोलू? तू गाडीचं कारण सांगितलंस, मी गाडीवर इलाज केला. दुसरं काय हाय माझ्या हातात?

दयानंद : मला इथं बसवत नाही, माय. फोनवर तू बोलतेस, हसतेस, वाटतं बरं चाललंय. इथं आलो की सगळं दिसतं. मोरीत एक ताट, एक तांब्या. बाबांची खाट भिंतीला तशीच लावलेली. निघालो की वळणापर्यंत आरशात तू दिसत राहतेस. मग कितीतरी दिवस कामात जीव लागत नाही. त्यापेक्षा न आलेलं बरं, असं वाटतं. वाईट आहे हे, कळतं मला.

गुणाबाई : तुला दिसत न्हाई म्हणून मी एकटी नसते व्हय, बापू?

दयानंद : नसतेस कशी. असतेसच.

गुणाबाई : मंग दिसू दे की जराक. माझं मलाच बघावं लागतंय रोज. कुणीतरी बगितलं की बरं वाटतं.

दयानंद : पुण्याला चल म्हणलं की तू बागेचं सांगतेस.

गुणाबाई : हाव. मी बागेचं सांगते, तू गाडीचं सांगतोस. तुझ्या बाबांबिगर तुझ्या बिल्डिंगीतल्या त्या खिडक्यांच्या घरात मी काय करू, हे मला सांगता येत न्हाई, म्हणून बाग.

दयानंद : समजून घ्यायला हवं होतं मी तुला. बसलोच नाही कधी असा.

गुणाबाई : आता बसलास की. तो कोपरा राहिला बघ, आरशाखालचा.

दयानंद : झाला. गेला डाग. माय, लातूरला वाट बघत असतील. पण तू म्हणत असशील तर...

गुणाबाई : पोरगी उठली बघ आत. पानं काढ. गाडी गार हाय तवर निघा. मी तांब्याच्या घागरीतलं पाणी भरून देते बाटलीत.

दयानंद : आधी तू जेव.

गुणाबाई : जेवते. तू निघ.

(गाडी वळणाआड गेली, तशी दानम्मा परत आली.)

दानम्मा : अक्का, गेले व्हय? तुमी दोघं तेलाची बाटली घेऊन बसलाव तवा मला वाटलं, आज काय हलत न्हाईत.

गुणाबाई : गेले. पोरगी आत बसली अन् म्हणली, आजी, थंडगार आहे. बिलकुल रडली न्हाई.

दानम्मा : ते ऱ्हाऊ दे. दयानंद काय म्हणला? थांबतो म्हणला न्हाई?

गुणाबाई : म्हणला. तू म्हणत असशील तर, म्हणला.

दानम्मा : अय्यो, मंग म्हणायचं की तू.

गुणाबाई : म्हणले असते तर थांबला असता.

दानम्मा : तेच तर सकाळधरून सांगून राहिले मी.

गुणाबाई : आज थांबला असता गं, माझी कीव येऊन. अन् पुन्हा आला नसता.